पाणबुडीवरून कंपनीत, आणि मग लिहायच्या टेबलाशी

पाणबुडी शाखेत जाऊ पाहणाऱ्यांनी आणि पुढे कधीतरी नौदलातून बाहेर पडून कंपनीत शिरणाऱ्यांनी हे वाचावं, असं मनापासून वाटतं.

विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहन या नौदलाच्या पाणबुडी प्रशिक्षण केंद्रातलं शिक्षण संपलं की खरी तयारी बोटीवर, म्हणजे प्रत्यक्ष पाणबुडीवर सुरू होते. नवा अधिकारी पाइपांमागे हिंडतो. उच्च दाबाची हवा, हायड्रॉलिक्स, बॅटरी, बोटीचा तोल राखणाऱ्या ट्रिम टाक्या. प्रत्येक यंत्रणेची आकृती स्वतःच्या हाताने काढायची, प्रत्येक व्हॉल्व्ह शोधायचा. दिवे गेले तरी तो हाताला लागला पाहिजे. मग तोंडी परीक्षा. तुमचं काम नेव्हिगेशनचं असलं तरी इंजिनातून सुटका नाही. हे पार पडल्यावरच छातीवर डॉल्फिन, म्हणजे पाणबुडी शाखेचा बिल्ला लागतो.

बाहेर पडताना आयआयएमसारख्या संस्थांतला सैन्यदलांसाठीचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम जरूर करा, ताळेबंद वाचता येऊ लागतो. पण मला तारलं ते पाइपांमागे हिंडण्याच्या सवयीने. कारखान्यात रुजू झाल्यावर मी आधी स्टोअर, मग डिस्पॅच, मग रात्रपाळी पाहिली. कागदावर असलेला कोणता पार्ट रॅकवर नाही, हे स्टोअरकीपरला अचूक ठाऊक असतं. त्याच्याशेजारी बसा.

सुकाणूवरचा खलाशी हुकूम आधी मोठ्याने परत म्हणतो, मग अमलात आणतो. तसंच मीटिंग संपताना प्रत्येकाला आपलं काम आपल्या शब्दांत सांगायला लावा. बरेच घोळ तिथेच उघडे पडतात. मात्र हुद्दा गेटबाहेर ठेवा. समुद्रात कुणी बोट सोडून जात नाही. कंपनीत चांगला माणूस राजीनामा देऊन मोकळा होतो. बायोडेटात नौदलाची भाषा नको. हाताखाली किती माणसं होती, कोणती यंत्रं ताब्यात होती, एवढं सरळ लिहा.

पुढे या दिवसांवर लिहायचं ठरवलंत, तर ते पथ्य सगळ्यांत कडक. १९२३चा शासकीय गुपिते कायदा वर्दी उतरली तरी लागू राहतो. आयएनएस शल्की ही पाणबुडी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, १९९२मध्ये नौदलात आली, हे जाहीर आहे, खुशाल लिहा. गस्त कुठे घातली, बॅटरीवर किती टिकलो, हे नाही. तरी खूप उरतं. मोजून मिळणारं पाणी, घरी आल्यावरही कपड्यांतून न जाणारा डिझेलचा वास, स्नॉर्केल, म्हणजे हवा ओढणारी नळी, पाण्यावर काढल्यावर आत येणारी ताजी हवा. हे कुणीतरी मराठीत नीट लिहायला हवं. हस्तलिखित प्रकाशकाकडे देण्याआधी मंजुरीबाबत नौदलाला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.