लेन्सवर एएफ लिहिलंय म्हणजे ऑटोफोकस होणारच? नाय हो!

एपर्चर, शटर स्पीड तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही. लेन्सवरच्या अक्षरांत मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

पाडव्याच्या आठ दिवस आधी एका दुकानातून सेकंडहँड ५० एमएम लेन्स घेतली, निकॉनचीच. बॉडी, म्हणजे कॅमेरा, निकॉन डी३५००. ज्याच्यामागे लग्नांत रिफ्लेक्टर धरून फिरायचो तो दादा म्हणाला, "निकॉनची निकॉनला बसते रे, घेऊन टाक, लेन्सवरचा डी म्हणजे डिजिटल." आणि बसली की खरंच, कट्ट करून लॉक झाली! मग ठाण्याची शोभायात्रा, कोपिनेश्वरापाशी तुफान गर्दी, ढोल सुरू, मी शटर दाबतोय तर व्ह्यूफाइंडरमध्ये एफईई (एपर्चर रिंग जागेवर नसल्याची खूण) आणि फोटोच निघेना. शेजारचे एक काका म्हणाले, लेन्सवरची एपर्चरची रिंग २२ वर नेऊन लॉक कर. ते सुटलं, पण फोकस ढिम्म. रात्री लॅपटॉपवर बघतो तर लेझीमवाल्या मुली धूसर आणि मागचा बॅनर चकाचक, नगरसेवकाच्या मिशीसकट.

झोल असा की लेन्सवर नुसतं एएफ होतं, शेवटी १.८डी. त्या डीचा डिजिटलशी काही संबंध नाही, लेन्स अंतराची माहिती बॉडीला देते एवढाच अर्थ. अशा लेन्समध्ये मोटरच नसते, बॉडीतली मोटर माउंटवरच्या, म्हणजे लेन्स बसते तिथल्या, छोट्या स्क्रूने तिचा फोकस फिरवते, आणि डी३५००, डी५६०० वगैरेंत ती मोटर दिलेलीच नाही. आत्ता लेन्स काढा, बॉडीच्या धातूच्या रिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक डोकावतंय का बघा. डी७५०० ला दिसेल. तुमच्याकडे नसेल तर एएफ-एस लिहिलेलीच घ्या, तिची मोटर लेन्समध्येच असते, दोन-तीन हजार वाचवायला जाऊ नका. एएफ-पीतही स्वतःची मोटर असते, पण तिची तऱ्हा वेगळीच, तुमच्या डी३५०० वर मस्त चालेल पण मित्राच्या जुन्या डी९० वर फोकसच करणार नाही.

"मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घे, ॲडाप्टर लाव" म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. जुन्या लेन्स झेड या मिररलेस बॉडीला लावायच्या निकॉनच्या एफटीझेड ॲडाप्टरमध्येही मोटर नाही, म्हणजे त्यातून झेड बॉडीवरही माझी ५० हातानेच फिरवायची.

कॅननवाल्यांचं सोपंय, डीएसएलआरच्या (आरसावाल्या कॅमेऱ्याच्या) लेन्सवर पांढरा चौकोन म्हणजे ईएफ-एस, लाल ठिपका म्हणजे ईएफ. ईएफ-एस फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर, बसत नाही. २०१८ पासूनची मिररलेसवाली आरएफ जुन्या डीएसएलआरला लागतच नाही, त्यासाठी ॲडाप्टर शोधत बसू नका. सिग्मा कंपनीच्या लेन्समध्ये डीसी म्हणजे क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरची, डीजी म्हणजे फुल फ्रेम.

घाबरू नका पण, दोन लेन्स हाताळल्या की ही अक्षरं आपोआप डोक्यात बसतात. फक्त दुकानात पैसे द्यायच्या आधी आपली स्वतःची बॉडी लावून अर्धं शटर दाबा, दुकानदाराच्या बॉडीवर नाही.

माझी ५० मी विकली नाही. सकाळी तलावपाळीला बोटी बांधलेल्या असतात तेव्हा रिंग फिरवत बसतो, व्ह्यूफाइंडरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला की दाबायचं. बोट काय पळून जात नाही.