"त्याचं असंच असतं" म्हणून सोडू नका! डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या डोळ्यांबाबत होणाऱ्या चुका

पुस्तक नाकाला लावून बघतो? त्याचं असंच असतं. पायरी उतरताना घाबरते? तिचं असंच असतं. अहो, बऱ्याचदा असंच नसतं, नंबर असतो! डाऊन सिंड्रोम असलेल्या अर्ध्याहून जास्त मुलांना डोळ्यांचा काही ना काही त्रास असतो आणि त्यातला बराचसा नुसत्या चष्म्यावर भागतो, पण घरात सगळं खापर सिंड्रोमवर फुटतं आणि डोळे तपासायचे राहून जातात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "जरा बोलायला लागू दे, अक्षरं ओळखू दे, मग दाखवू". मुलाने काही वाचून दाखवायची गरजच नसते हो, थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डोळ्यात लाइट मारून डॉक्टर नंबर काढतात, बाळ आईच्या मांडीवर असलं तरी चालतं. फक्त हृदयाचा प्रॉब्लेम असेल तर थेंब घालायच्या आधी तो सांगा, कारण या थेंबांचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवरही होऊ शकतो, आणि या मुलांची बाहुली अॅट्रोपिनला (बाहुली मोठी करणारं औषध) जरा जास्तच रिअॅक्ट होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीचं म्हणणं, पहिल्या 6 महिन्यांतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. जन्मजात मोतीबिंदू या बाळांत जास्त दिसतो, तो वेळेत काढला नाही तर डोळा बघायला शिकतच नाही, मग उशिरा ऑपरेशन करून फारसा उपयोग होत नाही. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसली तर लगेच गाठा डॉक्टर. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या तपासणी-उपचारांचं सरकारी केंद्र) चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात मोतीबिंदू दोन्ही आहेत.

डोळ्याच्या रंगीत भागात कडेकडेने पांढुरके ठिपके दिसतात ते ब्रशफील्ड स्पॉट, त्याने नजरेला काही होत नाही, त्याची काळजी सोडा. तिरळेपणाचं मात्र तसं नाही. नाक बसकं आणि कोपऱ्यात कातडीची घडी, त्यामुळे डोळा उगाचच तिरळा वाटतो हे खरं, पण खरा तिरळेपणाही या मुलांत भरपूर असतो आणि कुठला खरा हे आत्याबाई बघून सांगू शकत नाहीत.

आता जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं ते. लांबचं ठीक दिसतं म्हणून पालक खूश, पण जवळचं धूसर! साधारण चारातल्या तीन मुलांना जवळ फोकस करणं नीट जमत नाही, आणि लांबचा चष्मा लावूनही ते सुटत नाही. कार्डिफ युनिव्हर्सिटीत मार्गारेट वुडहाउस यांच्या टीमने यावर बरंच काम केलंय, उपाय साधा आहे, बायफोकल, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि रेघेखाली जवळचा नंबर. पण दुकानात गोची होते. आजोबांच्या चष्म्यासारखी जवळची काच खाली बसवून देतात आणि पोरगं तिच्यावरूनच बघत राहतं. रेघ बाहुलीच्या मध्याशी यायला हवी, एवढी वर, हे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि काच बसली की समोर बसून स्वतः बघा. आणि नंबर अगदी बरोबर असला तरी फिकट पेन्सिल या मुलांना नीट दिसत नाही, तेव्हा शाळेत सांगून काळा स्केचपेन, जाड रेघांची वही, मोठी अक्षरं मागून घ्या. "अक्षर गिरवत नाही, आळशी आहे" हा शेरा मग आपोआप बंद होतो कधीकधी.

चष्मा फेकतो म्हणून ओरडण्याआधी तो बसतोय का बघा. नाकाला उंची नाही, कान खाली, साधी फ्रेम घसरणारच, आणि एकदा घसरली की मूल वरून बघतं. सिलिकॉनचे नोजपॅड, मागे पट्टा, सहजी न फुटणारी पॉलिकार्बोनेटची काच घ्या. सुरुवातीला आवडीचं काम करतानाच लावा, दिवसभर नाही.

मान वाकडी करून बघतो म्हणून डोकं धरून सरळ करू नका प्लीज. डोळे सतत हलत असतील किंवा तिरळेपणा असेल तर त्या कोनात त्याला बरं दिसतं. पण मान अचानक वाकडी व्हायला लागली, चालणं बदललं, तर मानेच्या मणक्यांचा प्रॉब्लेम असू शकतो, तिथे अजिबात थांबायचं नाही.

पापण्यांना खवले, चिपडं, सतत पाणी, यावर काजळ, मध, आईचं दूध काही घालू नका, पापण्या कोमट पाण्याने शेकून साफ करायच्या, अश्रूनळी बंद असेल तर मसाज डॉक्टरकडून शिकून घ्यायचा. खाज थांबवणं महत्त्वाचं आहे, कारण डोळे चोळचोळून केराटोकोनसचा धोका वाढतो, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, बहुतेक वयात येताना किंवा विशीत, नेमकं जेव्हा आपण चेकअप बंद केलेलं असतं. लवकर सापडलं तर क्रॉसलिंकिंग (औषधाचे थेंब आणि खास प्रकाशाने कॉर्निया घट्ट करणं) करून थांबवता येतं, तेव्हा सिलिंडरचा नंबर (चष्म्याच्या चिठ्ठीवर CYL लिहिलेला) दर वेळी वाढत असेल तर नुसती काच बदलून घरी येऊ नका, कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करायला सांगा.