‘एक’ दडलेल्या इंग्रजी शब्दांचं मूळ कसं शोधावं

एकी, एकपणा, एकटेपणा सांगणारे इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत, पण ते एका घराण्यातले नाहीत. मुख्य घराणी तीन: जुन्या इंग्रजीतला ‘आन’, लॅटिनमधला ‘ऊनुस’ आणि ग्रीकमधला ‘मोनोस’. शब्दाचं घराणं आधी ठरवा, अर्थाकडे नंतर वळा. उलट केलंत तर अर्थ बघून मूळ जुळवलं जातं आणि ते बहुधा चुकतं.

१. सुरुवातीचा उच्चार ऐका. ‘यु’ ऐकू आलं (युनियन, युनिट, युनिक, युनिफॉर्म) तर ‘ऊनुस’ची शक्यता मोठी. ‘अन’ ऐकू आलं (अनहॅपी, अनफेअर) तर तो सहसा नकाराचा उपसर्ग. लिहिताना दोन्हींची अक्षरं सारखीच, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. ‘युनॅनिमस’ची फोड इथेच फसते: त्यात नकार नाही, ‘ऊनुस’ आणि मन या अर्थाचा ‘अॅनिमुस’ आहे. म्हणजे एकमताचा.

२. ‘वन’ नव्हे, ‘ओन’ शोधा. ‘आन’चाच पुढे ‘वन’ झाला, पण त्यातला ‘व’ नंतरचा. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो पश्चिमेकडच्या बोलींतून पसरला. जुना स्वर ‘अलोन’ आणि ‘ओन्ली’ यांत टिकून आहे. ‘अलोन’ म्हणजे ‘ऑल’ अधिक ‘वन’, अगदी एकटा. त्यातला ‘अ’ गळून ‘लोन’ झाला आणि त्यापासून ‘लोन्ली’. सर्वांत सुंदर उदाहरण ‘अटोन’चं. ‘अॅट वन’ म्हणजे एकमेकांशी जुळलेले, समेट झालेले. विल्यम टिंडेलने बायबलच्या नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर केलं, त्या १५२६च्या भाषांतरात ‘अटोनमेंट’ येतो तो देव आणि माणूस यांच्यातल्या समेटासाठी. समेटासाठी पापाची भरपाई हवी, या विचारातून पुढे प्रायश्चित्ताचा अर्थ चिकटला. आजचाच अर्थ धरून बसलात तर त्यातला ‘एक’ कधीच दिसणार नाही.

३. शब्द कोणत्या वाटेने आला ते पाहा. लॅटिन ‘उंकिया’ म्हणजे बारावा हिस्सा, मूळ ‘ऊनुस’च. तो इंग्रजीत दोनदा शिरला. आधी थेट लॅटिनमधून आला आणि ‘इंच’ झाला, नंतर फ्रेंचमार्गे आला तो ‘औंस’. फुटात १२ इंच असल्याने तिथे मूळ ओळखू येतं. नेहमीच्या पौंडात १६ औंस असल्याने इथे ते झाकलं जातं. १२ औंसांचा हिशेब सोनं-चांदी तोलण्याच्या ट्रॉय पौंडात राहिला आहे.

४. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘मोन’ (mon) दिसला की थांबा. ‘मोनोपॉली’, ‘मोनार्क’ आणि एकांतात राहणारा ‘मंक’ हे ‘मोनोस’चे. ‘मंडे’ मात्र चंद्राचा वार, आणि ‘मनी’ रोमच्या ‘मोनेता’ देवीवरून. तिच्या मंदिरापाशी नाणी पाडली जात.

५. ‘स’ने सुरू होणारे शब्द विसरू नका. ‘सेम’, ‘सिंगल’, ‘सिंपल’ यांच्या मुळाशी ‘सेम्’ हा लॅटिन, इंग्रजी, संस्कृत यांच्या समान पूर्वज-भाषेतला प्राचीन धातू आहे. आपला ‘सम’ही त्याच मुळाचा. ‘सिंपल’ म्हणजे शब्दशः एकपदरी. मराठी वाचकाला हे घराणं सर्वांत लवकर उमगतं.

६. शेवटी व्युत्पत्तिकोश उघडा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत सर्वांत जुनं अवतरण आणि त्याचं साल आधी वाचा, मग त्या काळचा अर्थ. ‘युनिव्हर्सिटी’चा संबंध विश्वातल्या सगळ्या ज्ञानाशी लावला जातो, तो चूक आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘युनिवेर्सितास’ म्हणजे एकत्र आलेला संघ, इथे शिक्षक-विद्यार्थ्यांचा.