एनसीएएने खेळायला अपात्र ठरवलं तर काय करायचं

एनसीएए म्हणजे अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणारी संघटना. तिच्या डिव्हिजन वनचा, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाचा, जो नियम कोर्टात सारखा गाजतोय तो म्हणजे पाच वर्षांत चारच सीझन खेळायचे, आणि यात ज्युनियर कॉलेजची (तिकडचं दोन वर्षांचं कॉलेज, आपलं अकरावी-बारावीचं नाही) वर्षंही मोजली म्हणून खूप पोरं अडकली.

लगेच वकिलाकडे पळू नका. वेव्हरचा, म्हणजे नियमातून सूट मिळवण्याचा, अर्ज कॉलेज करतं, खेळाडू नाही, म्हणून कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसच्या (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या) मागे लागा, दुखापतीचे त्याच वेळचे मेडिकल कागद, ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका), ईमेल सगळं द्या आणि नकार आला तर तो लेखीच घ्या.

मग फेडरल कोर्ट. अँटिट्रस्टचा, म्हणजे बाजारातली स्पर्धा दाबण्याविरुद्धच्या कायद्याखाली, दावा लावायचा आणि सोबत तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा, कारण केस वर्षानुवर्षं चालते आणि सीझन काही थांबत नाही, गेलेला सीझन पैशाने भरून येत नाही हेच जजला पटवायचं असतं. व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीचा फुटबॉल खेळाडू डिएगो पाविया याला डिसेंबर २०२४ मधे असा हुकूम मिळाला. पण विस्कॉन्सिनच्या एका खेळाडूला मिळालेला हुकूम अपील कोर्टाने जुलै २०२५ मधे उलटवला, त्यामुळे गृहीत धरू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते, रेस्टिट्यूशनचा नियम. हुकूम नंतर रद्द झाला तर एनसीएए त्या काळातले विजय काढून घेऊ शकते, कॉलेजला दंडही लावू शकते, मग कॉलेज घाबरून तुम्हाला बसवूनच ठेवतं, हे फार अन्यायाचं आहे. म्हणून या नियमावरही बंदी घाला अशी मागणी त्याच अर्जात करा, पावियाच्या केसमधे कोर्टाने ती मान्य केली होती.