लिनक्स कुठलं टाकू विचारायच्या आधी लॅपटॉप कुणाच्या ईमेलवर चालू झालाय ते बघा

मी गोव्यातल्या डिचोलीची. पणजीत पाटोला एका लहान ऑफिसात सिस्टीम सपोर्ट बघते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला तेव्हापासून ओळखीतलं कोण ना कोण विचारतंच, ताई, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय, कुठलं टाकू? लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम, तिचे बरेच प्रकार आहेत. माझं उत्तर ठरलेलं आहे, त्यातलं मिंट टाका. सिनॅमन डेस्कटॉपवालं घ्या, रॅम 4 जीबी किंवा कमी असेल तर हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपवालं. एवढं साधं उत्तर मला कुणी वेळेवर दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

2023 च्या पावसात बाबांनी मला म्हापशाच्या एका दुकानातून नवा लॅपटॉप घेऊन दिला, विंडोज 11 वाला. दुकानातल्या पोरानेच तो चालू करून सगळं सेटिंग करून दिलं, आम्ही खूश होऊन कदंबा बसने घरी आलो. कॉलेजातला एक सीनियर दादा म्हणाला, खरं लिनक्स शिकायचं तर काली टाक, बाकीचं सगळं लहान मुलांचं. मी मानलं. कालीवाले स्वतःच आपल्या पानावर लिहून ठेवतात की लिनक्स नवीन असलेल्यांनी किंवा रोजच्या वापरासाठी हे घेऊ नये, ते सुरक्षा तपासणीच्या कामासाठी बनवलंय. ते पान मी उघडलंच नव्हतं.

आता नीट वाचा, कारण सगळं इथेच अडकतं. सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची डिजिटल सही असलेली सिस्टीमच चालू होऊ देणारा पहारा. कालीचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्याला मान्य असलेल्या सहीचा नसतो, म्हणून आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करावं लागतं. मी बंद केलं, आणि कालीचा पेनड्राइव्ह लावायच्या आधी एकदा विंडोज उघडून बघूया म्हटलं तर निळा स्क्रीन, 48 आकडी रिकव्हरी की (डिस्कचं कुलूप उघडायची राखीव किल्ली) टाका. कारण असं की विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. डिस्क कुलूपबंद, किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये. लॅपटॉप नेहमीसारखा चालू होतोय असं चिपला दिसलं तरच ती किल्ली देते, आणि सिक्युअर बूट बंद झालं म्हणजे तिच्या दृष्टीने काहीतरी बदललं, म्हणून ती देत नाही.

त्या घडीला फक्त सिक्युअर बूट परत चालू केलं असतं तर बहुतेक विंडोज उघडलं असतं. बहुतेकांचं उघडतं. मला ठाऊक नव्हतं, मी रडकुंडीला येऊन दादाला फोन केला, तो फोनवरूनच म्हणाला बायोसमध्ये क्लिअर टीपीएम आहे ते दाब. मी दाबलं. चिपमधली किल्ली कायमची गेली. आता उरली ती 48 आकड्यांची की, आणि ती ज्या अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं त्या अकाउंटमध्ये जाते, म्हणजे माझ्या नाही, दुकानातल्या त्या पोराने घातलेल्या कुठल्यातरी ईमेलमध्ये. तीन वेळा म्हापशाला गेले. तो पोरगा बोटीवर नोकरीला गेला होता, आणि त्या ईमेलचा पासवर्ड दुकानात कुणालाच माहीत नव्हता.

डिस्कवर माझी असाइनमेंट्स होती ती गेली, त्याचं काही नाही. पण बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, सप्ताहातली चार वर्षांची रेकॉर्डिंग त्यांच्या भरलेल्या मोबाइलवरून काढून मीच लॅपटॉपवर ठेवली होती, आणि मोबाइलवरची मीच डिलीट केली होती. त्यात आमच्या बुवांचे शेवटचे दोन सप्ताह होते. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून पेनड्राइव्ह बनवायच्याही आधी, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू असेल तर बंद करा आणि डिस्कचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा, वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. बंद करायचं नसेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती 48 आकडी की दिसते का बघा आणि वहीत लिहून ठेवा. दिसत नसेल तर कुणाच्या ईमेलवर लॅपटॉप चालू झाला ते शोधा, आज शोधा, तो माणूस गावात असेपर्यंत. आणि फाइल्सची कॉपी दुसऱ्या डिस्कवर. हे झाल्याशिवाय बायोसला हात लावू नका, मग कोणी कितीही मोठा तज्ज्ञ सांगू दे.

एवढं केलंत की भिण्यासारखं काही उरत नाही, खरंच. मिंट, उबुंटू, फेडोरा यांना सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही, नवशिक्याने यांच्यातलंच घ्यावं याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हेच. फेडोराचं नवं व्हर्जन साधारण सहा महिन्यांनी येतं आणि एकेकाला तेरा महिन्यांच्या आसपासच अपडेट मिळतात, म्हणून मी पहिल्याला सुचवत नाही. मिंट 22 उबुंटू 24.04 वर उभं आहे, 2029 पर्यंत अपडेट मिळणार, मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, विंडोजवाला माणूस गोंधळत नाही. डाउनलोडही 3 जीबीच्या आसपास, उबुंटूचं जवळजवळ दुप्पट, मोबाइल डेटावर असाल तर हा फरक लागतो.

डाउनलोड फक्त मूळ साइटवरूनच, आणि चेकसम जुळवा, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासायचा साइटवर दिलेला आकडा. मित्राच्या पेनड्राइव्हवरचं आयतं नको. फेब्रुवारी 2016 मध्ये खुद्द मिंटची साइट हॅक होऊन तिथून छुपा दरवाजा ठेवलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) दिली गेली होती, त्यामुळे हा कंटाळा करू नका. मग लाइव्ह चालवा, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, दोन-तीन दिवस. वायफाय मिळतंय का, आवाज येतोय का, घरचा प्रिंटर चालतो का. वायफाय नाही दिसलं तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर बघा. मराठी टायपिंगला कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी कगप फोनेटिक आहे, मी तेच वापरते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या मराठी फाइल्स मात्र तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाहीत, आणि घरात कुणाचं टॅलीवर काम असेल तर विंडोज ठेवाच, टॅली त्याच्यावरच चालतं.

शिकवणाऱ्याबद्दल एक सांगते. जो फोनवरून हे दाब ते दाब सांगतो आणि दाबल्यावर काय होणार ते सांगत नाही, त्याचं ऐकू नका. मला मिंट शिकवलं ते आमच्या लॅबमधल्या एका सरांनी, ते माझ्या कीबोर्डला हातच लावायचे नाहीत, बाजूला बसायचे आणि एंटर मारायच्या आधी विचारायचे, याने काय होईल सांग. चिडचिड व्हायची. पण टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, भीती गेली ती त्यांच्यामुळेच.

बुवांच्या अभंगांपैकी तीन मंडळातल्या एका काकांच्या व्हॉट्सअॅपवर सापडले. आवाज थोडा फाटलेला आहे. ते मी मिंटवर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये जमेल तेवढे साफ केले, एक कॉपी माझ्याकडे, एक बाबांच्या पेनड्राइव्हवर, एक काकांकडेच.