देवळाच्या भिंतीवरचे अष्टदिक्पाल कसे ओळखायचे

आपल्याकडे जुन्या हेमाडपंती देवळात गेलं की काय होतं, चप्पल काढली, घंटा वाजवली, पिंडीवर पाणी घातलं, बाहेरून एक चक्कर मारली की झालं, मग झाडाखाली डबा उघडायचा. आणि ती चक्करसुद्धा खाली बघत, कारण फरशी तापलेली असते. भिंतीवर आठ दिशांचे आठ मालक, म्हणजे अष्टदिक्पाल, आठशे-नऊशे वर्षं उभे आहेत त्यांच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय. पुढच्या वेळी पाटणादेवी, बळसाणे, वाघळी, चांगदेव किंवा आग्रा रोडवरच्या झोडग्याला गेलात की एवढं डोक्यात ठेवून जा. प्रत्येक ठिकाणी आठच्या आठ सापडतील असं नाही, झीज झालेली असते, दगड पडलेले असतात, पण दोन-तीन जरी ओळखता आले तरी ते देऊळ वेगळंच दिसायला लागतं.

आधी एक सांगतो, आठपैकी चार नावं तुम्हाला आत्ताच येतात. आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा, वायव्य वायूची, ईशान्य ईशानाची म्हणजे शंकराची, आणि नैऋत्य निर्ऋतीची. दर वर्षी जूनमध्ये आपण कपाशीच्या काळजीनं नैऋत्य मोसमी वाऱ्यांची बातमी ऐकतो ना, त्या शब्दात एक देव बसलाय हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. राहिले मुख्य दिशांचे चार, पूर्वेला इंद्र, दक्षिणेला यम, पश्चिमेला वरुण, उत्तरेला कुबेर. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, हे सगळे एका श्लोकात आहेत, 'इन्द्रो वह्निः पितृपतिर्नैरृतो वरुणो मरुत्, कुबेर ईशः पतयः पूर्वादीनां दिशां क्रमात्'. पितृपती म्हणजे यम, वह्नी म्हणजे अग्नी, मरुत् म्हणजे वायू. हा श्लोक पाठ केला तर बाकी काही पाठ करायची गरज नाही, कारण तो पूर्वेपासून सुरू होऊन ज्या क्रमानं फिरतो तोच प्रदक्षिणेचा क्रम आहे, देव उजव्या हाताला ठेवून चालायचं, पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य असं. श्लोक म्हणत चाला आणि भिंतीकडे बघा, बस.

आता दिशा. खान्देशात राहणाऱ्याला यासाठी फार डोकं लावावं लागत नाही. चोपडा, यावल, रावेरकडे असाल तर सातपुडा दिसतो ती उत्तर, चाळीसगाव-पाचोऱ्याकडे असाल तर अजिंठ्याचे डोंगर ती दक्षिण, आणि तापी वाहते ती मावळतीकडे, सुरतेला. फोनमधलं होकायंत्र वापरलं तरी चालतं पण फोन भिंतीला टेकवून बघू नका, आपला काळा दगड बेसाल्ट आहे, त्यात लोहाचं खनिज असतं, सुई हलते. दहा-पंधरा पावलं लांब उभं राहून बघा आणि चुंबकवालं कव्हर असेल तर काढून ठेवा. देवळाचं तोंड कुठं आहे हेही आधी बघून घ्या, कारण सगळी देवळं पूर्वाभिमुख नसतात, दार पश्चिमेला असेल तर तुमची सुरुवात वरुणापासून होणार.

मूर्ती नेमक्या कुठं शोधायच्या? गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, कोपऱ्यांवर, साधारण डोक्याच्या उंचीपासून वर. भिंतीच्या मधल्या मोठ्या कोनाड्यात मुख्य देवाचीच रूपं असतात, तिथं दिक्पाल शोधू नका. नीट घडवलेल्या देवळात एका कोपऱ्यावर दोन दिक्पाल असतात, कोपऱ्याच्या दोन बाजूंना एकेक. आग्नेय कोपऱ्यावर पूर्वेकडच्या बाजूला इंद्र आणि दक्षिणेकडच्या बाजूला अग्नी. नैऋत्य कोपऱ्यावर यम आणि निर्ऋती, वायव्य कोपऱ्यावर वरुण आणि वायू, ईशान्य कोपऱ्यावर कुबेर आणि ईशान. हे जोडीचं गणित कळलं की अर्धं काम झालं, कारण जोडीतला एक ओळखू आला की दुसरा कोण ते न बघताच कळतं. महादेवाच्या देवळात मात्र आपण गोमुख ओलांडत नाही, पन्हळीपर्यंत जाऊन परत फिरतो, आणि पन्हळ असते बहुतेक उत्तरेला, म्हणून कुबेर-ईशानाची जोडी राहून जाते. ती दुसऱ्या बाजूनं येऊन बघायची.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, चेहरा बघत बसू नका, हात बघत बसू नका, पायाशी बघा. हात बहुतेक तुटलेले असतात, नाकं गेलेली असतात, पण पायाशी कोरलेलं वाहन खाली कोपऱ्यात दबून राहिल्यामुळं टिकतं. हत्ती दिसला तर इंद्र, हातात वज्र असेल. मेंढा दिसला तर अग्नी, त्याला दाढी असते, पोट सुटलेलं असतं, डोक्यामागे कधी ज्वाळा असतात. रेडा म्हणजे यम, हातात दंड. मगर म्हणजे वरुण, पण ती आपल्या नदीतल्या मगरीसारखी नसते बरं का, सोंडेसारखं नाक आणि फुलोऱ्याचं शेपूट असलेला मकर असतो, आणि वरुणाच्या हातात पाश. हरीण म्हणजे वायू, खांद्यावरून फडफडणारा ध्वज. नंदी आणि त्रिशूळ म्हणजे ईशान. कुबेर सोपा आहे, ढेरपोट्या आणि हातात पैशाची थैली, वाहन मात्र कुठं माणूस असतो कुठं हत्ती त्यामुळं त्याच्या बाबतीत थैलीच बघा.

निर्ऋतीबद्दल जरा जास्त सांगतो कारण लोक सगळ्यात जास्त तिथंच अडकतात. पायाखाली किंवा पायाशी माणूस आडवा पडलेला, हातात तलवार, कधी दुसऱ्या हातात कापलेलं मुंडकं, अंगावर वस्त्र नाही, डोळे बटबटीत. हा राक्षस बघून कोणीतरी भैरव म्हणतं, कोणी वेताळ म्हणतं. वेदात निर्ऋती ही स्त्री आहे, नाशाची देवता, नंतर देवळाच्या भिंतीवर येईपर्यंत तो पुरुष झाला. यादीच अशी हळूहळू बदलत ठरत गेलीय, अथर्ववेदात पूर्वेचा अधिपती अग्नी आहे, दक्षिणेचा इंद्र, पश्चिमेचा वरुण आणि उत्तरेचा सोम. म्हणजे वरुण तेवढा जागेवर राहिला, बाकीच्यांची अदलाबदल झाली. म्हणून फार जुन्या मूर्तीत एखादा वेगळा दिसला तर शिल्पकार चुकला असं लगेच म्हणू नका.

गल्लत कुठं होते तेही सांगतो. दाराच्या चौकटीपाशी खाली मकरावर उभी बाई दिसली तर ती गंगा, वरुण नाही. रेडा आहे पण त्याला वरून भाला मारलाय आणि देवीला खूप हात आहेत तर ती महिषासुरमर्दिनी. दाढी आहे पण तीन तोंडं दिसतायत तर ब्रह्मदेव. माझी स्वतःची चूक सांगतो, मी एका देवळात ईशानाला साधा शंकर समजून वहीत लिहून आलो होतो, घरी येऊन फोटो बघताना कळलं की शेजारच्या बाजूला थैलीवाला कुबेर होता, म्हणजे कोपरा ईशान्य. तेव्हापासून एकट्या मूर्तीचा फोटो काढत नाही, आधी पूर्ण कोपऱ्याचा, मग मूर्तीचा, मग पायाचा, आणि प्रत्येक वेळी बाजू कुठली ते वहीत लिहितो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी चारनंतर जा, तिरप्या उन्हात झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी बारा वाजता सगळा दगड सपाट दिसतो. शेंदूर लावलेला असेल तर तो खरवडू नका, पाणी टाकून घासूही नका, गावाची श्रद्धा आहे ती आणि दगडही ठिसूळ झालेला असतो. गुरवाला विचारा, तो कुठल्या मूर्तीला काय म्हणतात ते सांगेल, तेही लिहून घ्या.

वेरूळला कैलास लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर दिक्पाल आहेत पण तिथं ते प्रवेशाच्या दोन्ही बाजूंना, पश्चिमेकडच्या भिंतीवरच आहेत, तिथं होकायंत्राचा उपयोग नाही, फक्त वाहन. आणि कर्नाटकात चालुक्यांच्या देवळात ते छतावर असतात, मध्ये एक देव आणि भोवती आठ चौकटी. छत बघताना आडवं पडून बघाल तर एक लक्षात ठेवा, डोकं उत्तरेला असेल तर पूर्व तुमच्या डाव्या हाताला येते, कागदावरच्या नकाशाच्या उलटी. मी यात दोनदा फसलोय.

घरात हे आठ जण आजही येतातच. वास्तुशांतीला भटजी कलशाभोवती आठ दिशांना अक्षता टाकायला लावतात, शेवटी दिक्पालांना बळी म्हणून भात-उडीद ठेवतात, चूल आग्नेयेला हवी म्हणतात. माझी आजी रात्री ओरडायची, 'भाऊ, दक्षिणकडे पाय करीसन नको झोपू', ती यमाचं नाव घ्यायची नाही पण सगळ्यांना कळायचं.

आता बौद्ध लेण्यांकडे. तिथं आठ नाहीत, चार आहेत, त्यांना चार महाराजे म्हणतात. पूर्वेला धृतराष्ट्र, तो गंधर्वांचा राजा (महाभारतातला नव्हे). दक्षिणेला विरूढक, कुंभांड नावाच्या भूतगणांचा. पश्चिमेला विरूपाक्ष, नागांचा. उत्तरेला वैश्रवण, यक्षांचा, आणि हा वैश्रवण म्हणजेच आपला कुबेर, दिशासुद्धा तीच. दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या आटानाटिय सुत्तात हे चौघे बुद्धांना भेटायला येतात आणि भिक्खूंच्या रक्षणासाठी पाठ देतात, विहारात परित्राण पाठात तो आजही म्हटला जातो. ज्ञानप्राप्तीनंतर चौघांनी चार भिक्षापात्रं आणली आणि बुद्धांनी त्यांचं एकच पात्र केलं अशीही कथा आहे. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर कुबेर आणि विरूढक यांच्या मूर्ती खाली नाव कोरून आहेत, त्या आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये ठेवल्यात. पुढं तिबेटी मठात हे चौघे दाराशीच रंगवलेले असतात, धृतराष्ट्राच्या हातात वीणा, विरूढकाच्या हातात तलवार, विरूपाक्षाकडे साप किंवा स्तूप, वैश्रवणाकडे ध्वज आणि मुंगूस. जपानात वैश्रवण बिशामोन म्हणून पुजला जातो, आणि तिथं तर इंद्र, अग्नी, यम, वरुण, वायू, अगदी ईशानसुद्धा बारा देवांच्या यादीत पोचलेत.

अजिंठ्यात चार दिशांना चौघे उभे असतील असं समजून शोधू नका, निराश व्हाल. तिथं त्यांच्या परिवारातली माणसं शोधा. लेणं क्रमांक २ मध्ये लेकरांची राखण करणारी यक्षिणी हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसलेत, पांचिक हा कुबेराचा यक्ष सेनापती. १९ नंबरच्या चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या, मोठ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना धष्टपुष्ट यक्ष आहेत आणि बाहेरच एका बाजूला नागराजा राणीसोबत बसलाय. यक्ष म्हटलं की उत्तर, नाग म्हटलं की पश्चिम, एवढा धागा हातात धरून फिरा.

आणि चाळीसगावच्या जवळचं पितळखोरा सोडू नका. इथलं कोरीवकाम अजिंठ्याच्या या २ आणि १९ नंबरच्या लेण्यांपेक्षा कितीतरी जुनं, इसवी सनापूर्वीचं, दाराशी ढाल घेतलेले द्वारपाल आणि हत्तींची रांग. इथंच डोक्यावर वाडगं धरलेला हसरा बुटका यक्ष मिळाला, तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दिल्लीला कधी गेलात तर त्याच्या हाताची पालथी बाजू बघून या, तिथं ब्राह्मीत कोरलंय की हा कान्हदास नावाच्या सोनारानं घडवला.