कच्चे ड्रॉइंग दुसऱ्याच्या पडद्यावर दिसते तेव्हा

1998 साली मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात रुजू झालो, तेव्हा अमोनिया प्रिंटची (नकाशाच्या जुन्या पद्धतीच्या छापील प्रतीची) गुंडाळी पुठ्ठ्याच्या नळीत घालून रात्रीच्या गाडीने पुण्याच्या आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) सल्लागारांकडे पाठवणे हे माझे पहिले काम होते. तांबड्या पेनाच्या खुणांसह ती नळी परत यायला चार-पाच दिवस लागत आणि तेवढ्या अवधीत आमचे साहेब त्याच नकाशावर पुन्हा बसून निम्म्या चुका स्वतःच शोधून काढत.

आज इमारतीच्या एकाच सामायिक संगणकीय मॉडेलवर आम्ही कोल्हापुरातून भिंती सरकवतो, पुण्यातील सल्लागार तुळया बसवतात आणि प्लंबिंगचे सल्लागार त्याच आठवड्यात डक्टची, म्हणजे पाइपांसाठीच्या पोकळीची, जागा मागतात. तुळईला आडवा येणारा सांडपाण्याचा पाइप पूर्वी सेंटरिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता साचा) चढल्यावर सापडत असे, तो आता पडद्यावरच सापडतो, ही मोठी सोय आहे. सॉफ्टवेअर निरनिराळे असले, तरी आयएफसी या मॉडेलच्या फाइलींच्या खुल्या स्वरूपामुळे (2013 पासून ते आयएसओ 16739 हे मानक आहे) आमची भिंत समोरच्याकडे नुसत्या रेषा न राहता भिंत म्हणूनच पोहोचते. रूपांतरात काही माहिती गळते. त्यामुळे फाइल स्वतः उघडून पाहिल्याशिवाय ती पाठवू नये.

अडचण वेगळीच आहे. पूर्वी आमचे पक्के झालेले ड्रॉइंग पुढच्याकडे जात असे, आता आमचा अर्धवट विचारही इतरांना दिसतो आणि ते त्यावर हिशेब मांडू लागतात. 2018 मध्ये आलेल्या आयएसओ 19650 या मानकात माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत : काम चालू असलेली, इतरांना दाखवलेली, अधिकृतपणे दिलेली आणि जतन केलेली. आमच्यासारख्या सहा माणसांच्या कार्यालयाला ते अख्खे मानक पेलणार नाही, पण या चार अवस्थांची चार फोल्डर कोणालाही करता येतात.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. उजळाईवाडीजवळच्या एका बंगल्यात मालकांच्या इच्छेनुसार स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची अदलाबदल झाली आणि सुधारित आर-2 (दुसऱ्या सुधारणेचे) ड्रॉइंग मी सामायिक फोल्डरमध्ये ठेवले. मिस्त्रींना मात्र आधीच्या आठवड्यात मीच आर-1 चा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता, त्याची प्रिंट त्यांनी घडी घालून खिशात ठेवली होती आणि फोल्डर उघडण्याचा प्रश्न त्यांच्या बाबतीत नव्हताच. सनक स्लॅब, म्हणजे न्हाणीघराच्या पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब, जुन्या जागी पडला. स्वयंपाकघराखालचा खड्डा भरून घेता आला, परंतु न्हाणीघराची फरशी पाइपांसाठी उचलावी लागली आणि तिथे जाताना त्या घरातील आजींना आजही पायरी चढावी लागते. ड्रॉइंग बरोबर होते, इंटरनेट चालू होते, चूक माझी होती.

कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहताना मला हे आठवते. 1877 मध्ये त्याचे काम सुरू झाले, रचनाकार चार्ल्स मँट 1881 मध्ये वारले आणि काळ्या दगडाची ती इमारत 1884 मध्ये पुरी झाली. शेवटची तीन वर्षे शंका विचारायला मूळ माणूसच उरला नव्हता. तुमचे ड्रॉइंग तुम्ही फोन उचलला नाही तरी समजले पाहिजे, एवढी कसोटी पुरेशी आहे.

बी.आर्क. होऊन येणाऱ्यांना सॉफ्टवेअर आमच्यापेक्षा चांगले येते, म्हणून पहिला महिना मी त्यांच्याकडे ड्रॉइंगची नोंदवही देतो. कोणते ड्रॉइंग, कितवी सुधारणा, कोणाला आणि कशासाठी दिले, हे तीत लिहायचे. फोनवर ठरलेला बदल त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने सर्वांना कळवायचा. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो न पाठवता पीडीएफ पाठवायची, कारण दाबलेल्या चित्रात 230 चे 280 वाचले गेलेले मी पाहिले आहे. आणि स्लॅबच्या चेकिंगला गेल्यावर सळ्या मोजण्याआधी मिस्त्रींच्या खिशातली घडी मागून घ्यायची, ती उलगडायची आणि कोपऱ्यातला सुधारणेचा क्रमांक मोठ्याने वाचायचा.